आप्पा, पखवाज आणि माझी पाठ

...आणि वर तो डॉक्टर मला म्हणतो, उशी बदला! अहो, तीन उशा बदलल्या, गादी बदलली, शेवटी भाविका, म्हणजे माझी बायको, ती म्हणाली आता मीच नवरा बदलते, पण पाठीवरची टकटक काही थांबली नाही! दुखत नाही हो. दुखत असतं तर तेल चोळून मोकळा झालो असतो. हे कुणीतरी दोन बोटांनी हलकेच ठोकतं... टक टक... इथे, दोन खांद्यांच्या मधोमध, आणि वळून पाहिलं तर कुणी नाही. भरदुपारी! बोईसरला कंपनीत मी पॅकिंगला आहे, माझ्यामागे नुसती भिंत, तरी टक टक! हसा, हसा... पाठ तुमची थोडीच आहे!

आता कोण ठोकतंय ते मला ठाऊक आहे. आमचे आप्पा. माझे वडील. चिंचणीच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवला, आणि गेल्या वर्षी गेले. म्हणजे निघाले होते बिचारे... मीच त्यांना अडकवून ठेवलं.

तुम्हाला सांगतो काय झालं. दहावा दिवस, किनाऱ्यावर पिंड मांडलेला, आणि कावळा शिवेना! समोर सुरूच्या झाडावर सात-आठ बसलेत, एक खाली उतरेल तर शपथ. मी हात जोडून बोलतोय, आप्पा, आईला सांभाळीन... नाही. वाडी विकणार नाही... नाही. तुमच्या नातीला, आमच्या मेघालीला, हवं तितकं शिकवीन... एका कावळ्यानं चक्क मान फिरवली हो! ऊन चढलं, मंडळी भुकेली, भटजींना पुढे पालघरला दुसरं काम, आणि मंडळाचे प्रदीपबुवा माझ्या कानाशी, "अरे मन्या, पखवाजाचं बोल ना! त्याचा जीव तिथं हाय!" आणि मी बोलून बसलो, "आप्पा, पखवाज मी शिकतो!" वाक्य पुरं व्हायच्या आत झडप! बुवा लगेच, "वर्षश्राद्धाला भजन तुमच्याकडं, आन वाजवायला तू बसायचं." झालं!

शिकतो म्हणालो. कुठे, कसा, कुणाकडे, काहीच बोललो नाही. आणि माझ्यासारख्या माणसानं! हॉटेलात गेलो तर इडली की वडा हे ठरेपर्यंत वेटर दुसऱ्या टेबलाचं बिल घेऊन येतो. लग्नाला हो म्हणायला आठ महिने लावले मी, भाविका अजून ऐकवते. 

तरी म्हटलं, पद्धतशीर शिकू. बोईसरला एक क्लास आहे. सर म्हणाले, "हे बघा, पहिले तीन महिने बोल लिहायचे, पुढचे तीन महिने म्हणायचे, हात नंतर." मला आवडलं. हात नंतर, म्हणजे सहा महिने चुकायची भीती नाही! फॉर्म भरायला वाकलो... टक टक. पेन गळून पडलं. म्हटलं, आप्पांना पसंत नाही. मेघाली म्हणाली, "पप्पा, मोबाईलवर अ‍ॅप आहे, चुकलं की लाल होतं, किती सोप्पंय!" मोबाईल मांडीवर घेतला, मान खाली घातली... टक टक. दातिवऱ्याला एक म्हातारे वाजवणारे आहेत, त्यांच्याकडे गेलो, तर ते जाळं विणता विणता म्हणतात, "ये की, पन दोन वर्सं नुसतं बाजूला बसायचं, आमी तसंच शिकलो." त्यांच्या पाया पडायला वाकलो... टक टक! भर समुद्रासमोर! माझ्या शेजारी पॅकिंग करणारा एक भैया आहे, सालवडला राहतो, तो म्हणतो, "मनीषभाई, ढोलक सीख लो, भगवान को क्या पता चलता है?" अरे बाबा, भगवानाचं सोड, आप्पांना कळतं!

मग मी वही केली. एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे. क्लासचे इतके, अ‍ॅपचे इतके, दातिवऱ्याला जायला गाडी किती वाजता... आणि लिहायला बसलो की टक टक, टक टक! अकरा महिने गेले, वही संपली, आणि पखवाजाला एक बोट लावलं नव्हतं. आप्पांच्या खोलीत तो तसाच, त्यांच्या उपरण्याखाली. मी त्या खोलीत जात नव्हतो. घाबरायचो, खरं सांगतो. आणि भुताला नाही घाबरत मी. जिवंतपणी आप्पा माझ्यावर एकदाही रागावले नाहीत, आणि आता रोज, दिवसातून दहा वेळा, नाही, नाही, हेही नाही... एवढं काय चुकलं हो माझं? हसा तुम्ही. पाठ तुमची थोडीच आहे!

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा आईनं मला धरलं. रविवारी दुपारी त्या खोलीच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसलो होतो, आई चहा घेऊन आली, म्हणाली, "काय रं, तोंड का असं?" आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. वाटलं म्हातारी घाबरेल. तिनं कप खाली ठेवला. मागे आली. दोन बोटं टेकवली... बरोब्बर तिथेच! "हितं?" "हो." "दोनच बोटं?" "हो गं!" आणि हसायला लागली ना! डोळ्यांना पदर लावून हसतेय. "अरे येड्या, ते नाय कुठं म्हनतायत तुला! तू कदी मंडळात फिरकला नाय म्हनून तुला ठाव नाय, तिथं कोन वाकून बसला की आप्पा अशीच बोटं मारायचे. सरळ बस म्हनायचे. पाठ सरळ झाल्याबिगर हात लावू द्यायचे नाय पखवाजाला!"

फॉर्मवर वाकलेला. मोबाईलवर वाकलेला. पॅकिंगच्या टेबलावर तर बारा वर्षं वाकलेला! म्हणजे अकरा महिने हा माणूस मला पहिला धडा देतोय, आणि मी गुरू शोधत फिरतोय!

वही तिथेच ठेवली आणि आत जाऊन बसलो. सरळ. टकटक बंद! आईनं कणीक मळून आणली, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. आप्पांनाही तीच लावून द्यायची. मी हात उचलला आणि हाणला. धप्प! ओट्यावरचं मांजर उठून गेलं. आणि तेवढ्यात माझा उजवा खांदा कुणीतरी हळूच खाली दाबला... अंगावर काटा आला, पण खांदा सोडला सैल... आणि धा! अहो, धा आला! भाविका पोळी लाटायची थांबली.

आठ दिवसांत तेवढा एक धा आला मला. वर्षश्राद्धाला तोच वाजवला. टाळांचं एक आवर्तन पुरं झालं की एक धा, मधे नुसता बसून. दोनदा चुकला, बुवांनी डोळे वटारले, पण वाजला! भजन संपलं, बुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "शब्द पाळलास पोरा. सुटला तुझा बाप."

सगळ्यांना बरं वाटलं, मी सोडून. सुटला?

पाहुणे गेल्यावर पखवाजासमोर बसलो. सरळ. पाठीवर काही नाही. तास झाला, काही नाही. वर्षभर ज्याच्यासाठी डॉक्टर केले ती मोकळी पाठ मिळाली होती, आणि मला ती सोसवेना. रडलो मी, पन्नाशीला आलेला माणूस. रडता रडता वाकलो असेन...

टक टक.

तर आता असं आहे. क्लास नको, अ‍ॅप नको, रोज संध्याकाळी कामावरून येतो, पखवाज घेतो आणि चांगलं पोक काढून बसतो. मुद्दाम! गेलेल्या माणसाला असं धरून ठेवू नये, कळतं मला. पण शिकून झालं की ते जाणार ना? आई कणीक घेऊन येते, दारातच विचारते, "काय म्हनाले आज?" मी सांगतो, "सरळ बस म्हणाले." "मग, जमलं?" "नाही गं, काही केल्या जमत नाही."

ती कणीक लावते, हात पुसते आणि म्हणते, "नको जमू दे. घाई हाय का कुनाला?"