तू उभाच वाकडा राहतोस

—नको, तो ड्रायव्हर आधी होता तिथं लावून ठेव. देखणा आहे, मान्य, डोकं काळं कुळकुळीत, दांडा हलका, आणि मी गोल्फच्या काठ्या विकणारी दुकानदारीण आहे, मला तो विकायला आवडेलच — पण तुझा बॉल उजवीकडं जातो, त्याला ती काठी काय करणार? तूच म्हणालास ना, शनिवारी फेरीबोटीनं पलीकडच्या बेटावर, बाटमला, खेळायला जायचंय, डायरेक्टरसाहेबांबरोबर, आणि पहिल्या फटक्याला सगळे मागं उभे राहून बघणार. मग नवा ड्रायव्हर घेऊन झाडीत गेलास काय नि जुना घेऊन गेलास काय, झाडी तीच! बस जरा. नाही, बसू नकोस, उभाच राहा, तुला उभंच बघायचंय मला. नाव काय म्हणालास? निहार. मी मधुमती. इथं सगळे मधू आँटी म्हणतात, तू काकू म्हण, बोलण्यावरून पुण्याचाच वाटतोस. आणि घाई नाही काही, तीन वाजेपर्यंत मी मोकळी आहे. तीनला मिस्टर लिम यायचेत, दुकान घ्यायला — म्हणजे बघून-बोलून सगळं झालंय, आज मी फक्त सही करायची. विकतेय ना मी दुकान. माझा नवरा, सुबोध, रिटायर झाला, पुण्यात बावधनला फ्लॅट घेऊन ठेवलाय, चाललो आम्ही कायमचे. पण म्हणून दारात आलेल्या माणसाला वाटेला लावायचं का? चल, मागं रेंजवर चल, बॉल मारायच्या मैदानावर, कोपऱ्यातली जागा रिकामी आहे. तुझाच जुना ड्रायव्हर घे.

हं, मार. माझ्याकडं बघू नकोस, रोज मारतोस तसा मार... गेला. लाँगकांगमध्ये गेला. लाँगकांग म्हणजे गटार रे, ते तिकडं उजवीकडं, जाळीच्या कडेला. इथले म्हातारे अंकल लोक तर बॉल उडाला की लगेच ओरडतात — "आय्यो, लाँगकांग लाह!" — लाह म्हणजे आपलं 'रे' — तू मनाला लावून घेऊ नकोस. अजून एक मार... परत तिथंच. अजून एक... अरे वा! हसतोयस काय? वा म्हणजे खरंच वा. तिन्ही बॉल एकाच जागी गेले. वाकडा मारणाऱ्याचे बॉल दहा दिशांना जातात, तुझे एका रेषेत गेले. तू सरळ मारतोस रे, अगदी सरळ. तू उभाच वाकडा राहतोस.

पटत नाही ना? हलू नकोस, पाय आहेत तिथंच ठेव. ही काठी तुझ्या बुटांच्या टोकांना लावून जमिनीवर आडवी ठेवते... आता बाजूला हो आणि इकडं माझ्याजवळ, मागं ये. बघ, काठी कुठं बोट दाखवतेय? पिवळ्या झेंड्याकडं? सांग की. — गटाराकडं! आणि तुला वाटत होतं तू झेंड्याकडं तोंड करून उभा आहेस. सगळ्यांना तसंच वाटतं. उभं राहणाऱ्याला ते दिसतच नाही, मागं बसलेल्याला दिसतं. मी कशी शिकले वाटतं तुला? कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर इथं परदेशात आले, सुबोध दर शनिवारी रेंजवर, आणि मी मागच्या बाकावर पोह्यांचा डबा घेऊन. किती वेळ मासिक चाळणार माणूस? बघत बसले नुसती. मग एक दिवस शेजारच्या जपानी साहेबांना म्हटलं, सर, युवर फीट गोइंग टू बस स्टॉप. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग पायांकडं, मग डब्यातले पोहे खाल्ले, आणि पुढच्या शनिवारी आपल्या मित्राला घेऊन आले. त्या मित्राला जुन्या काठ्या विकायच्या होत्या. बस, झालं दुकान सुरू!

बरं, मला एक सांग, क्रिकेट खेळायचास ना लहानपणी? सोसायटीत? पार्किंगमध्ये, वाटलंच. डावीकडं, लेग साइडला काय होतं? आठव. — दवाखाना? काचेचा दर्शनी भाग, आणि डॉक्टर कडक. आणि तिकडं मारला की? डायरेक्ट आउट! वर बॉल पण जप्त! अरे देवा, म्हणजे तू अजून तो दवाखाना वाचवतोयस निहार! हसू नकोस, खरं सांगते, आपल्याकडच्या पोरांची ही खोडच आहे. नाशिकच्या एकाच्या डावीकडं विहीर होती, ठाण्याच्या एकाच्या डावीकडं वॉचमनची खोली आणि तो वॉचमन झोपलेला. सगळे हुशार, चांगल्या नोकरीतले, आणि सगळे हळूच उजवीकडं वळून उभे. तुमच्या त्या गल्लीतल्या नियमांनी माझं दुकान चालवलंय म्हण ना. चिनी गिऱ्हाइकांत ही खोड मी पाहिली नाही, त्यांच्या खोडी वेगळ्या.

आता उपाय. हे दोन बांबू बघ. इथं फ्लॅटच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला लावतात ना, तसलाच एक होता, मध्ये कापलाय. दुकानात ह्या कामाच्या रंगीत काठ्या मिळतात, मीही ठेवते, पण तुला बांबू पुरेल. हा एक बॉलच्या पलीकडं, सरळ झेंड्याच्या रोखानं. हा दुसरा अलीकडं, तुझ्या पायांसमोर, पहिल्याला समांतर. आणि इथंच सगळे फसतात — पाय झेंड्याकडं रोखायचे नाहीत! बॉल झेंड्याकडं जाणार, तू नाही. तू आपला बाजूनं, झेंड्याच्या जरा डावीकडं रोख धरून. दवाखान्याकडं, हो! फुटू देत काचा, डॉक्टर काय बाटमला येणारेत?

आणि बाटमला बांबू नसतील, तेव्हा काय करायचं ते ऐक. आधी बॉलच्या मागं जाऊन उभं राहायचं. झेंडा बघायचा, आणि त्या रेषेत बॉलच्या अगदी पुढ्यात काहीतरी जवळचं हेरायचं — वाळकं पान, गवताचा डाग, काहीही. लांबचं कुणालाच नीट साधत नाही, वीतभर पुढचं साधतं. मग काठीचं तोंड त्या पानाकडं लावायचं. पाय नंतर. आधी काठी, मग पाय. तू उलटं करतोस, आधी पाय रोवतोस आणि मग काठी पायांच्या मागून फरपटत जाते. आणि एकदा उभा राहिलास की झेंड्याकडं एकदाच बघायचं. कादंबरी म्हणून एक डॉक्टरीण यायची, फार गोड बाई, ती इतक्यांदा बघायची, इतक्यांदा बघायची, की दर बघण्याला पाय थोडे सरकायचे आणि शेवटी शेजारच्या माणसाकडं तोंड करून उभी! तो बिचारा घाबरून मागं व्हायचा.

मार आता... थोडा डावीकडं गेला, जाऊ दे, दवाखाना फुटला एकदाचा. परत... हाऽऽ! बघितलंस? झेंड्याच्या डोक्यावरून! आवाज ऐकलास त्याचा? जुनाच ड्रायव्हर आहे हं तुझा. आता चार-पाच वेळा असंच कर, आणि ते बांबू घरी घेऊन जा, मेट्रोत कुणी काही म्हणत नाही, म्हणाले तर कपडे वाळत घालायचेत म्हण.

म्हणजे काय, तुला काही विकलं का नाही? अरे, हाच तर धंदा. तुला आज तो काळा ड्रायव्हर विकला असता, तू शनिवारी झाडीत गेला असतास, आणि परत इथं पाऊल टाकलं नसतंस. आज काही न विकता पाठवलं की तू पुढच्या महिन्यात ग्रिप, ते मुठीवरचं रबर, बदलायला येतोस, मग ऑफिसातल्या दोघांना आणतोस, मग लग्न होतं, बायकोला हलक्या काठ्या लागतात, मग पोराला छोट्या. एका गिऱ्हाइकाकडं मी दहा वर्षांच्या हिशेबानंच बघते. तू येत राहा, बाकीचं मी—

काय?

...हो. दुकान विकतेय, बरोबर आहे तुझं. तीनला. ती सवय रे बोलायची. मिस्टर लिम बघतील तुझ्या ग्रिप, चांगला माणूस आहे. म्हणजे, ते इथं बबल टीचं दुकान काढणारेत, पण... ग्रिपवाले बाकी बरेच आहेत.

नाही, नाही, मला जायचंय की. का नसेल जायचं? बावधनचा फ्लॅट छान आहे, चौथा मजला, टेकडी दिसते. सुबोधचं एकसारखं चाललेलं असतं — सकाळी टेकडी, दुपारी झोप, संध्याकाळी मित्र. आणि तू, असं मला विचारलं ना कुणी तर मी म्हणते, मी पण टेकडी. आमची जाई, मुलगी, नोकरी करते इथंच, ती म्हणाली, "आई, यू गो पुणे, देन यू डू व्हॉट?" मी म्हटलं, तुझ्या बाबांबरोबर राहीन. तर म्हणते, "दॅट वन नॉट डूइंग, लाह." म्हणजे ते काही करणं नव्हे म्हणे! आगाऊ आहे. इथंच शाळेला गेली ना.

तुला सांगते, त्या काळ्या ड्रायव्हरसारखे अजून दोन मी परवाच मागवलेत. हो, परवा. लिमसाहेबांचं पक्कं झाल्यावर. आता बबल टीवाल्याला ड्रायव्हर कशाला? — मला काय माहीत कशाला! भाव चांगला होता म्हणून मागवले. आणि रेंजच्या मॅनेजरला सांगून ठेवलंय, पुढच्या वर्षी कोपऱ्यातली जागा मलाच द्या म्हणून... असं बघू नकोस माझ्याकडं.

सुबोध वाईट नाही रे. लग्न झाल्यापासून एक दिवस वेगळे राहिलो नाही आम्ही. त्याला सकाळचा चहा करता येतो, पण तो दोन कपच करतो, एकाचं माप त्याला माहीत नाही. हे त्याला सांगायचं म्हणजे... राग येईल त्याला. राग परवडला, गप्प बसेल तो. गप्प बसलेला सुबोध बघितला नाहीस तू. पण तो पुढं जाऊ शकतो की नाही? फ्लॅटचे पंखे बसवायचेत, गॅस घ्यायचाय. मी दिवाळीला जाईन. उन्हाळ्यात जाईन, आंब्यांना. तो पावसाळा तिकडं काढून इकडं येईल, जाई आहे, मी आहे. लोक करतात की असं. करत नाहीत? — करतात. नसतील करत तर आम्ही करू.

हे मी त्याला आज सकाळी चहाच्या वेळी सांगायचं, आणि सांगतेय कुणाला, तुला! तू कोण रे? एक तासापूर्वी ड्रायव्हर घ्यायला आलास.

थांब, फोन... सुबोधच. हॅलो... हो, अजून नाही आले... ऐक ना सुबोध. संध्याकाळी कुठं जाऊ नकोस, घरीच थांब... नाही, तब्येत ठीक आहे. बोलायचंय... नाही, फोनवर नाही, समोर बसून. आणि — सुबोध, रागावणारेस तू, पण जेवून मग रागाव. ठेवते.

हे बघ, आलेच लिमसाहेब, वेळेच्या आधी. पोट आत घे, सरळ उभा राहा. हॅलो, मिस्टर लिम! कम, कम! सॉरी हं, व्हेरी सॉरी, शॉप नॉट सेलिंग... येस, येस, आय नो, लास्ट वीक आय से येस. टुडे आय से नो. यू सिट, आय मेक टी, यू स्कोल्ड मी. बट फर्स्ट — यू प्ले गोल्फ, राइट? बॉल ऑल्वेज गोइंग व्हेअर?... लेफ्ट! आय न्यू इट! स्टँड हिअर, शो मी. नो, नो, डोन्ट हिट, जस्ट स्टँड.

तू अजून इथंच? नीघ आता, नीघ. दिसत नाही, गिऱ्हाईक आलंय.