किल्लीवाल्याने पाहिलेलं घर

भाडं यंदाही वाढलं होतं. नवा करार घेऊन नर्स वकिलाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी एक कुलूप-किल्लीवाला आणि त्याची बायको बोलत होते.

"आठ गावं पालथी घातलीत. त्यात हेच कसं पसंत पडलं?"

"दारं बघत हिंडलो. इथं दाराला तीन-तीन कुलपं, तिथं एकच. तेही नावाला."

"म्हणजे चोऱ्या नाहीत. मग तुम्ही काय माश्या मारणार?"

"अगं, चोर नसले तरी विसरभोळी माणसं सगळीकडे असतात."

"आणि परवडतंय? खरं सांगा."

"इथल्या एका खोलीच्या भावात तीन खोल्या. मागे अंगण."

"पण काम मिळेल ना? तुमचं आपलं सगळं 'होईल' असतं."

"ऐक तर. मालकीणबाई घर दाखवायला आल्या आणि किल्लीच विसरल्या. दहा मिनिटं पिशवी उपसली. शेवटी मीच खिशातली तार काढली."

"मग?"

"मग काय, आपलं घर मीच उघडलं. आत पाय टाकेपर्यंत शेजारच्या दोघींनी माझा नंबर मागून घेतला."

बायकोने इतक्या वेळाने बाकाला पाठ टेकली.

"पडदे मी निवडणार," ती म्हणाली.

नर्सने कराराची घडी घालून तो पर्समध्ये टाकला.

"दादा, गावाचं नाव काय म्हणालात?"