दोन पांढऱ्या रेघा

...नाही बापाक, हे आत नाहीयेत, तुमच्यापासून लपलेले नाहीत — सुटे भाग आणायला बाजारात गेलेत, येतीलच. तुम्ही वडीलधारे, बसा. चहात साखर जास्त झाली असेल तर सांगा. माझा हात साखरेला सैलच आहे, सासूबाईही म्हणतात. एरवी मी फारशी बोलत नाही; लग्नाला चार महिने झाले, शेजारणींची अजून पैज चालू आहे, सुगेंगची बायको मुकी की बहिरी. आज तुम्ही गप्प आहात, म्हणून मला बोलावं लागतंय.

तो कागद टेबलावर ठेवलात, तो मी वाचला. माफ करा, उलटा वाचला. तुमच्या मुलीचं, पुरवांतीचं मरण हे नशीब मानून तुम्ही सुगेंगवर खटला करणार नाही, असं लिहिलंय — मुद्रांकही लावलाय, फक्त सही राहिलीय. मोठं मन आहे तुमचं. पोलिसांना हे काय म्हणाले? "मी विसरलो." ब्रेकच्या बोल्टाला, तो सैल होऊ नये म्हणून लावायचं ते निळं चिकट औषध लावायचं विसरलो, म्हणून क्लेडुंगच्या उतारावर तिच्या दुचाकीचे बोल्ट सुटले, ब्रेक चाकात अडकला. तुम्हाला खरं वाटलं? हे आणि विसरणार? बोल्टाच्या आट्यांवरचं तेल तीनदा पुसतात, मग औषधाचा एकच थेंब, मग पाना, मग बोल्टाच्या डोक्यावरून खाली लोखंडावर रंगाची पांढरी रेघ. रेघ तुटली तर बोल्ट फिरला, हे कळावं म्हणून. आणि रेघ दिसली की काम पूर्ण, पुन्हा पाना लावायचा नाही — हा यांचाच नियम.

रेघा मी मारते. माहेरी बाटिकच्या कापडावर मेण सोडायचे ना मी, हात हलत नाही माझा. लग्नानंतर यांनी कौतुकानं ब्रश हातात दिला. गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या दुकानातल्या रेघा बघा, बाटिकच्या काठासारख्या.

त्या दिवशी यांनी पुरवांतीच्या गाडीच्या ब्रेकचे दोन्ही बोल्ट नुसते बोटांनी बसवले, अंदाज घ्यायला. तेवढ्यात दुपारची बांग झाली. म्हणाले, नमाजाहून आल्यावर काढतो, औषध लावतो. बापाक, हे त्यांनी माझ्याकडे बघूनच सांगितलं होतं. मी दुसऱ्या गाडीवर रेघ मारत होते. तुमची मुलगी शेजारी उभी — शाळेत शिकवून आली होती, बोटांना खडू — म्हणाली, किती स्थिर हात हो तुमचा, मला फळ्यावर सरळ ओळ येत नाही. मला कोणी असं म्हणत नाही. ब्रशवर रंग होता. वाळून गेला असता — नाही, रंगाचं निमित्त कशाला. तिला दाखवायला मारल्या मी. तिच्या गाडीवर, दोन्ही बोल्टांवर. नंतर औषध लावताना पुसतील, पुन्हा मारू, असं मनात होतं. मग सासूबाईंनी भात उतरवायला हाक मारली.

हे परत आले तेव्हा दुकानात आणखी दोघं खोळंबलेले. रेघा पाहिल्या, त्यांना वाटलं आपणच उरकून गेलो होतो, तिला किल्ली दिली. मी आत भात वाढत होते. दुचाकी सुरू झाल्याचं ऐकलं मी. ऐकलं, आणि भात वाढत राहिले.

पोलिसांनी बोल्ट दाखवला तेव्हा यांनी आट्यांवरून अंगठा फिरवला. निळं काही नव्हतं. मग खाली लोखंडावर उरलेली रेघ पाहिली — माझी रेघ शेवटाला बारीक होते, मेणाची सवय — आणि म्हणाले, मी विसरलो. घरी आल्यावर मला एक शब्द नाही. ताटातला मासा मात्र रोज माझ्याकडे सरकवतात. तो मला गिळवत नाही, बापाक.

म्हणून म्हणते, कागदावरचं नाव चुकलंय. माझं श्री वितारी. लिहून देऊ? पेन आहे.

...हं. सही न करताच घडी घालताय? घाला. खिशात ठेवा. मीच सांगितलं, आता ठेवू नका असं कोणत्या तोंडानं म्हणू.

यांची गाडी आली वाटतं. तुम्ही निघा, कप मी विसळते. त्यांच्याशी बोलू नका — त्यांना मीच सांगते.