तिघांच्या लेनमधलं मौन

एक अक्षर बोलले नाहीत हो, एक अक्षर! मी, अँब्रोज टॉलिव्हर, चर्चमधल्या गायनमंडळाचा प्रमुख, सोमवारी सकाळी भर महामार्गावर भलतीकडेच निघालेलो, गाडीत दोन धडधाकट माणसं, दोघांना डोळे, दोघांना जीभ, आणि दोघंही प्रवचनाला बसल्यासारखी गप्प! का? तर आधी मी बोलायला हवं होतं म्हणे!

तुम्हाला सांगतो, आमच्या व्हर्जिनियातून वॉशिंग्टनला कामावर जायचं तर एकतर साध्या लेनमध्ये उभ्या उभ्या म्हातारं व्हायचं, नाहीतर गाडीत तीन माणसं भरून बाजूच्या तिघांच्या लेनमधून सुसाट सुटायचं. आता रोज आणखी दोन माणसं आणायची कुठून? म्हणून दुकानामागच्या पार्किंगमध्ये सकाळी रांग लागते. काच खाली करायची, कुठे जाणार ते ओरडायचं, पुढची दोघं निमूट आत. भाडं नाही, ओळख नाही, आणि चालकाने तोंड उघडल्याशिवाय बसणाऱ्याने उघडायचं नाही. मला तर हा नियम फारच प्रिय! त्या शांततेत मी मनातल्या मनात स्तोत्रं आळवतो. एवढी एकाग्रता चर्चमध्येसुद्धा लाभत नाही, कारण तिथे मागच्या बाकावर ब्रदर लिओनिडस घोरत असतात...

पण सोमवार साधा नव्हता. माझी दिवंगत बहीण, तिची पोरकी नात ओपल आमच्याकडेच वाढते आहे. ती कायद्याने आमची लेक व्हायची, त्याची नऊ वाजता राजधानीच्या कोर्टात सुनावणी. सौभाग्यवती व्हर्नेल पोरीला घेऊन आदल्या दिवशीच शहरात तिच्या बहिणीकडे मुक्कामाला गेलेली, म्हणून मी गाडीत एकटा. वकिलाने बजावलेलं, की न्यायाधीशबाई नव्या आहेत, कडक आहेत, उशीर झाला तर तारीख थेट उन्हाळ्यात जाईल!

तर रांगेतून दोघांना घेतलं. पुढे गणवेशातला एक सैनिक, मागे जांभळा कोट आणि पांढरे पळायचे बूट घातलेल्या एक बाई. मी कृतज्ञतेचं स्तोत्र धरलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, डोळे रस्त्यावर, चित्त प्रभूच्या चरणी... आणि डोक्यावरून विमान गेलं! इतकं खालून, की त्याची चाकं मोजता आली असती!

मी म्हटलं, "हे काय? आपण विमानतळावर कसे?"

सैनिक शांतपणे म्हणाला, "नदीवरच्या पुलाच्या अलीकडेच वळण चुकलं, साहेब."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही काही बोलला नाहीत, साहेब."

ऐकलंत? हा माणूस देशाच्या सीमा राखणार! मागून बाई म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही प्रार्थना करताय. मध्येच कसं बोलायचं? नऊला तर मलाही पोचायचंय." म्हणजे उशीर पत्करला, विमानतळ पत्करला, पण नियम मोडला नाही! आधी मी बोलायला हवं होतं म्हणे!

कशीबशी गाडी वळवली, दोघांना नेहमीच्या कोपऱ्यावर सोडलं, गाडी लावली आणि या वयात कोर्टाच्या पायऱ्या धावत चढलो. नऊ केव्हाच वाजून गेलेले. व्हर्नेल म्हणाली, "आलात? मला वाटलं, पोरीच्या लग्नालाच येताय." वकिलाचा चेहरा पांढरा. मी वर पाहतो तर न्यायासन रिकामं!

एवढ्यात सगळे उठून उभे राहिले. दार उघडलं, धापा टाकत काळा झगा आला... आणि झग्याखाली, तुम्हाला सांगतो, पांढरे पळायचे बूट!

बाई आसनावर बसल्या, माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला. "उशीर झाला, न्यायालय दिलगीर आहे. वाहन वेळेवर मिळालं होतं. चालक जरा जास्तच भाविक निघाला." व्हर्नेलने मान अशी सावकाश माझ्याकडे वळवली, की चाळीस वर्षांच्या संसारात तशी कधी वळवली नव्हती.

मग सगळे कागद पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मिस्टर टॉलिव्हर, या मुलीबद्दल काही सांगायचंय? इथेही आधी तुम्हीच बोलायचंय."

आणि मला शब्द फुटेना! आयुष्यभर लोकांना सुरात लावलं, आणि स्वतःचाच सूर लागेना. सगळं कोर्ट थांबलेलं. शेवटी ओपलच खुर्चीवर उभी राहिली आणि बाईंना समजावून म्हणाली, "ते गातायत. मनात. संपलं की बोलतील."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली. पोरगी आमची झाली हो!

आज सकाळी रांगेशी काच खाली केली, तर पुढचाच नंबर जांभळ्या कोटाचा. त्या मागे बसल्या. मी ओळख दाखवली नाही, त्यांनीही नाही. मी स्तोत्र धरलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं... आणि पुलाच्या अलीकडे, वळण यायच्या जरा आधी, न्यायाधीशबाई मागून खोकल्या.

खोकायला नियमात बंदी नाही म्हणे.