माही भोजली

माहा जन्म इथलाच, रायपूरचा, गुढियारीतला. बाप धान्याच्या गोदामात तोलाईच्या कामाले होता. मी चौथीपर्यंत शिकली, मोठी झाली तशी लगन करून मले अकोल्याकडं दिली, अन् आईबाप गेल्यावर इकडं कोणी उरलंच नाही तं येऊ कोणाकडं. पंचावन्न वर्षं आली नाही. आता पोराची बदली इथं झाली म्हणून त्याच्या मागं आली. चौबे कॉलोनीत राहतो आम्ही, घर चांगलं आहे, माही तक्रार नाही.

मले एकाच माणसाले भेटायचं होतं. आमच्या समोरच्या छत्तीसगढी घरातली पोट्टी, माह्याच वयाची. ती माही भोजली. तुमाले माहीत नसंल बाई, सांगते. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे अंकुर, त्यालेच भोजली म्हणतात, ते तळ्यावर नेतात, अन् ज्या दोघींले जन्माची सोबत करायची त्या एकमेकींच्या कानात ते खोचतात. त्या दिवसापासून एकमेकीचं नाव घ्यायचं नाही, कधीच नाही, दोघींनीही भोजलीच म्हणायचं. आम्ही नऊ वर्षांच्या होतो. तिच्या घरचे तिले नोनी म्हणत, पण इकडं सगळ्याच पोट्ट्या नोनी. मी तं इतकं पाळलं की तिचं नावच विसरून गेली.

पोरगा म्हणे आई, नाव सांग, आडनाव सांग, मी कोणाले तरी विचारतो. मी म्हटलं भोजली. तो म्हणे हे काही नाव नाही झालं. नातीनं मोबाइलवर टाकून पाहिलं, म्हणे दादी, ये तो त्योहार है. मराठी सगळी कळते तिले, बोलते हिंदीच.

मग मीच गेली ऑटोनं. गुढियारीत काही ओळखू येईना, तळं इकडं होतं का तिकडं तेही कळेना. पानठेल्यावाल्याले म्हटलं भैया, इथं माही भोजली राहते. तो म्हणे दादी, भोजलीले तं अजून दोन महिने आहेत. मी म्हटलं सण नाही रे, बाई. मग नाव सांगा. नाव घेत नाही. नवऱ्याचं सांगा. म्हटलं तिचं लगन व्हायच्या आधीच मी इथून गेली. तो हसला, म्हणे या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या, सगळ्या म्हाताऱ्या कोणाच्या ना कोणाच्या भोजली आहेत, विचारत बसा एकेकीले.

तसंच केलं. तिसऱ्या घरी एक म्हातारी ओट्यावर लसूण सोलून राहिली होती, डोळ्यांनं अधू. मी म्हटलं सीताराम भोजली, भोजली भेटली की असाच रामराम करतात. ती ताडकन म्हणे, सीताराम भोजली, अतेक दिन कहाँ रहे? हात धरला तो सोडेचना. मले वाटलं झालं, भेटली.

चहा झाला अन् गोष्टी निघाल्या. ती म्हणे तुह्या भावानं माही कोंबडी पळवली होती. मले भाऊच नव्हता. मी म्हटलं तुमच्या अंगणात बोर होती, ती म्हणे नाही, चिंच. मी विचारलं तुही भोजली मराठी होती ना? हव, मराठीच तं, काहून? मग म्हणे तिचा आवाज असा नव्हता. मी म्हटलं दात गेले. तिच्या सुनेनं सासूचं नाव सांगितलं, पण मले आठवतच नाही तं जुळवू कशाशी? माहं नाव सासरच्यांनी लगनात बदललं, म्हणून जुनं सांगायले गेली तं तिनं कानावर हातच ठेवले, म्हणे घेऊ नको, पाप लागते.

पोरगा म्हणे तू चुकीच्या घरी गेली. असंल. आणखी घरं पाहावी तं ही काय म्हणंल, अन् नाही पाहिली अन् माही खरी तीन घरं पुढं वाट पाहून राहिली असंल तं? काय सांगू तुमाले, माहं डोकं चालत नाही यात. शुक्रवारी जेवायले बोलावलं आहे तिनं. जाईन. सुखी राहो, जी कोणी असंल ती.