डाव्या टाकीचा काटा

(विमान शिकवणाऱ्या शाळेच्या कुंपणाची जाळी. बाहेर कलाबाई. आत तिची नात स्नेहल, तिथं उडायला शिकणारी. आणि मुलगा लोकेश, तिथलाच मेकॅनिक.)

कलाबाई : पाय, पाय तुह्या मामाचे चाळे! माय एवढ्या दुरून आली, जाळीपाशी उभी हाये, आन् हा हात पुसून राहिला. कवाचा पुसते! आता का कातडं काढते हाताचं?

स्नेहल : आजी, हळू बोल. कामावर आहेत ते.

कलाबाई : मंग मी का खेळाले आली? कालपासून फोन उचलत नाई. आज भाची पयल्यांदा एकटी एवढी दूर उडून राहिली, तं मानसाले आनंद पायजे का नाई? याचं थोबाड पाय, मयतीहून आल्यावानी.

लोकेश : माय, लोकं पाहून राहिले.

कलाबाई : पाहू दे. तिकडं इटियाडोह धरनाच्या पारीवर अर्धं गाव जमलं. मीच सांगून ठेवलं, माही नात वरून जाते, माना वर करून ठेवा. मंगलीबाई म्हने, पोरीची जात, चक्कर येईल तिले. मी म्हनली, चक्कर तुले येईल, खालून पाहून पाहून.

स्नेहल : आजी, थांब जरा. मामा, तो डाव्या टाकीचा काटा अजून बंदच आहे ना?

लोकेश : बंदच आहे. चिठ्ठी लावली ना त्याच्यावर.

कलाबाई : कोनता काटा?

स्नेहल : विमानाच्या दोन्ही पंखांत तेलाची टाकी असते, आजी. किती तेल उरलं ते काटा दाखवतो. डावीकडचा बिघडला आहे.

कलाबाई : तं दुरुस्त करा! याले कायले ठेवलं इथं?

लोकेश : पार्ट यायचा आहे. तवरिक काम पुढं ढकलता येते, माय, नियमात बसते. उडायच्या अगोदर काडी टाकून तेल मोजायचं, वर गेल्यावर उजव्या काट्यावर नजर ठेवायची. झालं.

कलाबाई : झालं म्हनते! मोडक्या खाटेले चिठ्ठी लावली तं झोपनारा पडत नाई का?

स्नेहल : नियम तसाच आहे, आजी. त्याचं मला काही नाही. पण मामा सकाळपासून माझ्याकडे पाहून नाही राहिले. मामा, तुम्ही बसाल का या विमानात?

लोकेश : मले कुठं उडवता येते?

स्नेहल : ते नाही विचारलं मी.

कलाबाई : बोल ना! बसशील का नाई?

लोकेश : नाही बसणार.

स्नेहल : काऊन?

लोकेश : उजवा काटाबी अटकून राहिला. कधी चालते, कधी नाही. टाकी अर्धी झाली तरी भरलीच दाखवते.

स्नेहल : आणि हे तुम्ही लिहिलं नाही?

लोकेश : लिहिलं का विमान उभं. एक काटा बंद असला तं चालते, दोन नाही चालत. शेडमधी अगोदरच पडून आहेत विमानं. साहेब म्हणाले, पार्ट येऊ दे, दोन्ही संगच करून टाकू, तवरिक बोलायचं नाही. मागं एकदा लिहिलं होतं मी. पावसाळाभर निस्ते पंख धुवाले लावलं मले.

कलाबाई : आन् म्हनून गप? सख्ख्या बहिनीची पोर हाये ते!

लोकेश : म्हणूनच तं पाहवत नव्हतं तिच्याकडं.

स्नेहल : मी जाऊन सरांना सांगते, उजव्या काट्याचं.

लोकेश : कोणी सांगतलं म्हणून विचारतील, बाई. त्या विमानाले दुसरं कोण हात लावते? मीच सापडतो.

कलाबाई : काट्याचं नाव काढू नको, पोरी. मामाची भाकर जाईल. पोट दुखते म्हन. बाईच्या पोटाले कोनी कागद मांगत नाई.

स्नेहल : आजी, माझा नंबर जाईल. पुन्हा कधी लागेल, काय माहीत. आणि असं खोटंनाटं...

कलाबाई : नंबर गेला तं येते. तू गेली तं येशील का? जा!

लोकेश : गेली, माय.

कलाबाई : जाऊ दे. गाव हसंल, हसू दे. मंगलीचं बोलनं खाईन मी, पचते मले. तू पानी पे घोटभर.

लोकेश : आली परत. काय म्हणाले?

स्नेहल : आराम कर म्हणाले. जास्त विचारलंही नाही.

कलाबाई : पाय, किती सोपं होतं! चाल आता घरी, तुह्या मायले... थांब. ते काऊन सुरू झालं? ते पांढरं विमान. तुहंच होय न ते?

स्नेहल : माझंच. दुर्गेशला दिलं. माझ्या मागचा नंबर त्याचा. मी बाहेर निघून राहिली होती, तर तो पळतच आत आला. मला थँक्यू म्हणाला, आजी.

कलाबाई : त्याले सांगतलं का तू?

स्नेहल : पोट दुखते म्हणून आली होती ना मी. काय सांगू?

कलाबाई : लोकेश, तू जा! हात कर त्याले! रेडिओ का काय असते, त्याच्यावर बोल!

लोकेश : आता बोललो तं अगोदर काऊन नाही बोलला, हेच विचारतील. माय, तेल मी स्वतः काडी टाकून पाहिलं. दोन्ही टाक्या भरून आहेत. त्याले पुरते.

कलाबाई : पुरते?

लोकेश : पुरते. आरामात जाऊन येते.

कलाबाई : मंग आपल्या पोरीले काऊन पुरत नव्हतं?

स्नेहल : सुटली चाकं. उठलं, आजी.

कलाबाई : पारीवरचे लोकं हात हालवतील आता त्याले. माही नात समजून.

लोकेश : माय, शिव्या दे मले, पायजे तेवढ्या.

कलाबाई : तुले शिव्या देऊन ते खाली येते का? तू त्या पोराचा मामा नाईस, लोकेश. एवढंच त्याचं चुकलं.