आंटींच्या नंबराखालची नोट

साधा एक नंबर घ्यायला किती वेळ लागावा? परवाचंच सांगते. सोमवारपासून माझं ऑफिस सुरू होणार होतं आणि आठ महिन्यांच्या ईराला ठेवायची सोय नव्हती. आमच्या फरीदाबादच्या सेक्टरमध्ये मुलं सांभाळणाऱ्या एक आंटी आहेत, त्यांचा नंबर माझ्या मैत्रिणीकडे, नेहाकडे होता.

"थांब केतकी, फोनवरून त्यांचं सगळं कॉन्टॅक्ट कार्डच पाठवते," नेहा म्हणाली.

माझा फोन एका कंपनीचा, तिचा दुसरीचा. टेबलावर शेजारी ठेवूनही ते एकमेकांना ओळख दाखवेनात. ब्लूटूथ बंद करून चालू केलं, मागतील त्या परवानग्या दिल्या.

"नुसता नंबर सांग ना, लिहून घेते."

"नाही यार, पत्ता, वेळा, सगळं आहे त्यात."

शेवटी आलं एकदाचं. नाव, नंबर, पत्ता, वेळा आणि सगळ्यात खाली नेहाने स्वतःसाठी लिहिलेली नोट : 'खूप चांगल्या आहेत. केतकीला नंबर देऊ नये, फोन करकरून वेड लावेल त्यांना.'

मी ते मोठ्याने वाचलं.

"नोटपण जाते होय?" नेहाने विचारलं.

"जाते."

"अच्छा. म्हणजे नीट गेलं सगळं."

सोमवारी ईराला आंटींकडे सोडलं आणि हट्टाने एकदाही फोन केला नाही. साडेअकराला आंटींचाच आला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"ईरा ठीक है ना, आंटी?"

"वो तो आराम से सो रही है, बेटा. नेहा ने मुझे इतना डराया था और आपका एक भी फोन नहीं आया. आप ठीक हो ना?"